ऊलाँग : एका पानाच्या अनेक चवी

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी

बीबी का मकबऱ्याच्या मागील डोंगरात कोरलेल्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्याच्या ओसरीत अवलोकितेश्वराचे एक भव्य शिल्प आहे. मध्यभागी बोधिसत्त्व उभा असून त्याच्या दोन्ही बाजूंना आग, सर्प, हत्ती, सिंह, जहाजफुटी अशा आठ महाभयांत सापडलेली माणसे त्याचा धावा करताना दाखविली आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील जगप्रसिद्ध पद्मपाणी हादेखील हाच बोधिसत्त्व. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमध्ये गेला, तेथे त्याचे नाव ‘ग्वानयिन’ झाले आणि कालांतराने त्याला स्त्रीरूप मिळाले. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फुजियान प्रांतात या ग्वानयिनच्या नावाने एक चहा होतो. ‘तिएग्वानयिन’, म्हणजे ‘लोखंडी ग्वानयिन’, असे त्याचे नाव. ऊलाँग या वर्गातील जगातला हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध चहा होय.

गेल्या काही वर्षांत ‘ऊलाँग’ हा शब्द आपल्याकडील शहरी ग्राहकाच्या परिचयाचा झाला आहे. मॉलच्या मांडणीवर, कॅफेच्या यादीत, ऑनलाइन दुकानांत तो दिसतो. बहुधा ‘ग्रीन टी’च्या शेजारी आणि वजन घटविण्याच्या आश्वासनासह. त्याची चव कशी असते, असे विचारले तर मात्र उत्तरे परस्परविरोधी येतात. कोणी म्हणतो, फिकट पिवळा रंग आणि फुलांचा वास. कोणाला तो भाजलेल्या सुक्यामेव्यासारखा लागतो, तर कोणाला मधासारखा. ही सारी उत्तरे बरोबर असू शकतात. ऊलाँग हे चहा तयार करण्याच्या एका पद्धतीचे नाव आहे आणि त्या पद्धतीत असंख्य चवी सामावतात. नुसते ‘ऊलाँग’ लिहिलेले पाकीट घेणे म्हणजे नुसते ‘आंबा’ लिहिलेली पेटी घेणे. आत हापूस आहे, केशर आहे की रायवळ, हे घरी गेल्यावरच कळणार. चांगल्या ऊलाँगची किंमत पाहता हा अंधारातला व्यवहार परवडणारा नाही.

हिरव्या आणि काळ्याच्या मधला पट्टा

हिरवा, काळा, पांढरा आणि ऊलाँग हे सारे चहा एकाच वनस्पतीच्या पानांपासून होतात. ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ हे तिचे शास्त्रीय नाव. हिरवा आणि काळा चहा वेगवेगळ्या झाडांचा असतो, असा युरोपीय लोकांचा बराच काळ समज होता. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४०च्या दशकात चीनमध्ये हिंडून तो खोडून काढला. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. वांगे चिरून ठेवले की फोडी काळ्या पडतात, म्हणून आपण त्या पाण्यात टाकतो. चहाच्या पानातही तेच घडते. पेशी फुटल्या की पानातील विकरे आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये बदलू लागतात, रंग गडद होतो, चव आणि गंध पालटतात. यास ऑक्सिडीकरण म्हणतात. चहाच्या व्यापारात त्याला सर्रास ‘फर्मेंटेशन’ म्हटले जाते. पण इडलीच्या पिठात जंतूंचे जे काम चालते, तसे येथे काही नसते.

पान खुडल्यावर लवकरच उष्णता देऊन विकरे निकामी केली की हिरवा चहा होतो. ऑक्सिडीकरण पूर्ण होऊ दिले की काळा. आपल्या अमृततुल्यांत उकळणारी दाणेदार ‘सीटीसी’ पावडर ही काळ्या चहाची टोकाची तऱ्हा म्हणावी लागेल. १९३०च्या दशकात आसामात निघालेल्या यंत्राच्या दातेरी रुळांमध्ये पान चिरडले, फाडले आणि वळले जाते. दूध, साखर आणि आले यांना पुरून उरणारा कडकपणा त्यातूनच येतो. ऊलाँगचा मार्ग अगदी उलटा आहे. त्यात पान अखंड राहावे आणि तरीही ते थोडेसे दुखावले जावे, अशी खटपट असते.

त्यासाठी ‘दोन पाने, एक कळी’ हा कोवळा खुडा सहसा घेत नाहीत. शेंड्याची वाढ थांबून तीन-चार पाने पुरेशी उमललेली असतात, तेव्हा ती खुडतात. ती आधी उन्हात, मग सावलीत पसरून कोमेजू देतात. त्यानंतर बांबूच्या सुपांत किंवा फिरत्या पिंपात ती पुन्हापुन्हा घोळवली जातात. एकमेकांवर घासून पानांच्या कडा दुखावतात, थोडा वेळ विसावा दिला जातो, पुन्हा घोळवले जाते. हा क्रम पुष्कळदा रात्रभर चालतो. कारागीर अधूनमधून ओंजळभर पाने नाकाशी नेतो. गवताचा उग्र वास जाऊन फुलांचा वास येऊ लागला, की नेमक्या क्षणी तापलेल्या कढईत टाकून तो ऑक्सिडीकरण थांबवितो. उत्तम साधलेले पान मधोमध हिरवे आणि कडेला लालसर असते. पैठणच्या शेजाऱ्यांना हिरव्या पदराचे लाल काठ आठवावेत असे. पानातले पाणी, त्या दिवशीचे ऊन, हवेतला दमटपणा यांवर सारे अवलंबून असल्याने कोणत्याही दोन दिवसांचा चहा तंतोतंत सारखा होत नाही. चीनमधील पारंपरिक चहाप्रक्रिया आणि त्यांच्याशी निगडित सामाजिक प्रथा यांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला, तो अशा कौशल्यांमुळेच.

ऑक्सिडीकरण कोठे थांबवायचे, हे ठरलेले नसते. ढोबळमानाने १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंतचा सारा पट्टा ऊलाँगचाच. त्यावर दुसरी किल्ली भाजणीची. काही चहा केवळ वाळवून विकतात, तर काही मंद निखाऱ्यावर तासन्‌तास आणि अनेक वेळा भाजतात. कोवळी ज्वारी हिरवी चावून पाहावी आणि मग आगटीतून निघालेला हुरडा खावा. दाणा तोच, चव मात्र निराळी. पहिली किल्ली फुलापासून फळाकडे नेते, दुसरी कच्च्यापासून खरपूसाकडे. झाडाची जात आणि जमीन या दोन गोष्टी त्यात मिळविल्या की ऊलाँगचा नकाशा हाती येतो. या नकाशावर प्रमुख ठिकाणे चारच आहेत : फुजियानचा उत्तर भाग, फुजियानचा दक्षिण भाग, शेजारचा ग्वांगदोंग प्रांत आणि समुद्रापलीकडचे तैवान.

वुयीचा खडक

फुजियानच्या उत्तरेस वुयी पर्वत आहे. १९९९ पासून तो जागतिक वारसा स्थळ आहे. लालसर कड्यांच्या घळींत, खडकांच्या फटींत साठलेल्या मातीवर येथील झुडपे वाढतात, म्हणून या चहाला ‘खडकाचा चहा’ म्हणतात. पाने लांबट, वळलेली, जवळजवळ काळी. ऑक्सिडीकरण बरेच आणि कोळशावरची भाजणी ठळक. पेल्यात उतरतो तो तांबूस-केशरी रंग. पहिल्या घोटाला भाजलेल्या दाण्यांचा, गुळाच्या पाकाचा, थोडा लाकडाचा स्वाद आणि त्यानंतर घशात रेंगाळणारी एक खनिज चव. जाणकार या शेवटच्या गुणालाच खरी किंमत देतात. पावसाचा पहिला शिडकावा तापलेल्या बेसॉल्टवर पडल्यावर जो वास सुटतो, त्याची आठवण मराठवाड्याच्या वाचकाला व्हावी.

वुयीतल्या जातींपैकी दोन नावे ध्यानात ठेवावीत. ‘रौग्वेइ’ या नावाचा अर्थच दालचिनी. त्यात खरोखर दालचिनीची झणझणीत झाक असते आणि कोणताही मसाला घातलेला नसतो. ‘श्वेइशिएन’ त्याहून मवाळ, जुन्या झाडांचा असेल तर ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा गंध असलेला. काळ्या चहावर वाढलेल्या जिभेला ऊलाँगची ओळख करून द्यायची, तर ती श्वेइशिएनपासून करावी, असे आमचे मत.

सर्वांत गाजलेले नाव अर्थात ‘दा होंग पाओ’, म्हणजे मोठा लाल झगा. या चहाने आजार बरा झालेल्या एका अधिकाऱ्याने कृतज्ञतेने आपला लाल झगा झुडपांवर पांघरला, अशी दंतकथा आहे. वुयीच्या एका कड्यावर याची सहा मूळ झुडपे आजही उभी आहेत. २००२ साली त्यांचा अवघा २० ग्रॅम चहा लिलावात १ लाख ८० हजार युआनला गेला. २००५ मध्ये त्यांची शेवटची खुडणी झाली. २००६ पासून ती बंद आहे. त्या शेवटच्या खुडणीचा २० ग्रॅम चहा २००७ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवण्यात आला. तेव्हा बाजारात ‘दा होंग पाओ’ म्हणून मिळणारा चहा मूळ झुडपांचा असणे शक्य नाही. तो त्यांच्या कलमांचा असतो किंवा, अधिक वेळा, वुयीतील निरनिराळ्या जातींचे कुशल मिश्रण असतो. मिश्रण असणे हा दोष नव्हे. मात्र ‘मूळ झुडपांचा’ असा दावा कोणी केला तर पुढे बोलणेच नको.

लोखंडी ग्वानयिनचे दोन चेहरे

दक्षिण फुजियानमधील आन्शी हे तिएग्वानयिनचे गाव. एक गरीब शेतकरी ओसाड पडलेल्या मंदिरातील ग्वानयिनच्या मूर्तीची नित्य पूजा करीत असे. देवीने स्वप्नात येऊन खडकाच्या फटीतले एक रोप दाखविले आणि त्यातून हा चहा पसरला, अशी अठराव्या शतकातील कथा सांगतात. एका विद्वान अधिकाऱ्याला श्रेय देणारी दुसरी कथाही तेवढीच प्रचलित आहे. पान कापडात बांधून पुन्हापुन्हा दाबत-वळत त्याची घट्ट गोळी करतात. मिरीपेक्षा थोडे मोठे असे हे दाणे गरम पाण्यात हळूहळू उलगडतात आणि चिमूटभर चहाने भांडे भरून जाते.

ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते ती येथेच, कारण एकाच नावाचे दोन अगदी वेगळे चहा बाजारात आहेत. जुन्या पद्धतीचा तिएग्वानयिन पुरेसा ऑक्सिडाइझ केलेला आणि निखाऱ्यावर भाजलेला असतो. त्यात भाजका, गोडसर, किंचित आंबटगोड फळाचा स्वाद असतो. १९९०च्या दशकापासून तैवानच्या प्रभावाने दुसरी, हिरवी पद्धत रूढ झाली. ऑक्सिडीकरण अल्प, भाजणी जवळजवळ नाहीच. काही ठिकाणी तर पानांच्या लाल झालेल्या कडाही झटकून काढून टाकतात, जेणेकरून पेल्यातला रंग स्वच्छ पिवळसर-हिरवा दिसावा. या चहाला ऑर्किडचा तीव्र सुगंध असतो. पाकीट उघडताच माणूस मोहून जातो. पण तो सुगंध काही महिन्यांत ओसरतो आणि रिकाम्या पोटी घेतल्यास अनेकांना तो सोसत नाही. हिरव्याला चिनी भाषेत ‘छिंगशियांग’, भाजलेल्याला ‘नोंगशियांग’ म्हणतात. पाकिटावर यांपैकी एक शब्द असला तर अर्धी शंका मिटते.

एका झाडाचा चहा

ग्वांगदोंगच्या छाओचौ परिसरातील फिनिक्स पर्वतावरचा ‘दानत्सोंग’ हा ऊलाँगमधील सर्वांत सुगंधी प्रकार म्हणावा लागेल. ‘दानत्सोंग’ म्हणजे एकटे झुडूप. बियांपासून वाढलेल्या झाडांमध्ये प्रत्येकाचा गंध निराळा. चांगल्या झाडाचा चहा वेगळा खुडून वेगळाच करायचा, अशी येथील परंपरा. पुढे त्या झाडांची कलमे झाली आणि गंधांवरून नावे पडली : मध-ऑर्किड, गार्डेनिया, बदाम. यातला मध-ऑर्किडचा, म्हणजे ‘मी लान शियांग’चा, पहिला पेला लीची आणि पिकल्या आंब्याची आठवण करून देतो. फळाचा अर्क घातलेला असावा, असा संशय येण्याइतका.

याच कुळात ‘बदकाच्या विष्ठेचा गंध’ अशा अर्थाचे नाव मिरविणारा ‘या शी शियांग’ आहे. आपल्या उत्तम झाडाची कलमे कोणी चोरू नयेत म्हणून मालकाने मुद्दाम हे किळसवाणे नाव सांगितले, अशी कथा आहे. २०१४ मध्ये त्याचे सभ्य नामकरण झाले, पण लोकांनी जुनेच नाव चालू ठेवले. चव मात्र नावाच्या अगदी उलट, पांढऱ्या फुलांची आणि दुधाळ बदामाची. दानत्सोंगची एक खोड आहे. अर्धा मिनिट जास्त मुरला की तो झोंबरा कडू होतो. छाओचौमध्ये चिमुकली भांडी, भरपूर पाने आणि काही सेकंदांचे मुरविणे ही जी ‘कुंगफू चहा’ची रीत रुजली, तिच्याशी या कडूपणाचा संबंध असावा.

तैवान आणि तुडतुडा

तैवानमध्ये ऊलाँगची झाडे फुजियानमधूनच गेली. जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने १८६९ साली तेथून दोन जहाजे भरून सव्वाशे टनांहून अधिक चहा थेट न्यूयॉर्कला पाठविला आणि ‘फॉर्मोसा ऊलाँग’ हे नाव पश्चिमेत रूढ झाले. आज तैवानची ख्याती उंच पर्वतांवरील चहासाठी आहे. अलीशान, लीशान अशा हजार मीटरच्या वरच्या, धुक्याने वेढलेल्या मळ्यांत पान सावकाश वाढते. त्यात कडवटपणा कमी आणि गोडवा अधिक उतरतो. हे चहा फिकट सोनेरी, लोण्यासारखे मऊ आणि फुलांच्या गंधाचे असतात. ‘बाओचोंग’ त्याहूनही हलका, जवळजवळ हिरव्या चहाच्या उंबरठ्यावरचा. ‘दोंगदिंग’ मात्र मध्यम भाजणीचा, कॅरॅमलच्या स्वादाचा.

‘मिल्क ऊलाँग’बद्दल सावध राहिले पाहिजे. तैवानने १९८१ मध्ये प्रसृत केलेल्या ‘चिनश्वेन’ या जातीला साईसारखा सौम्य गंध मुळातच असतो. दुधाची किंवा व्हॅनिलाची उग्र घमघम पाकीट उघडताच आली, तर तो बाहेरून दिलेला स्वाद समजावा.

तैवानच्या सर्व चहांत चमत्कारिक म्हणावा तो ‘ओरिएंटल ब्यूटी’. मराठवाड्यातील कापूस उत्पादकाला तुडतुडे ही काय आपत्ती आहे, हे सांगायला नको. त्याच कुळातील एक इवलासा हिरवा कीटक तैवानच्या शिंचू भागात उन्हाळ्यात चहाच्या कोवळ्या पानांतील रस शोषतो. पाने आखडतात, पिवळी पडतात. पण या हल्ल्याला उत्तर म्हणून झाड काही सुगंधी द्रव्ये तयार करते आणि त्यांतूनच पक्व फळाचा आणि मधाचा गंध चहात येतो. कीटक हवा म्हणून मळ्यात कीटकनाशक फवारता येत नाही. याचे ऑक्सिडीकरण ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. पेल्यातला रंग गडद अंबरासारखा असतो. तैवानमध्ये त्याला ‘बढाईखोराचा चहा’ असेही म्हणतात. कीड लागलेला माल चढ्या भावाने विकला, असे सांगणाऱ्या शेतकऱ्यावर गावाने विश्वास ठेवला नाही, अशी त्यामागची कथा. ब्रिटनच्या राणीने त्याला इंग्रजी नाव दिल्याची गोष्ट विक्रेते आवर्जून सांगतात. तिला पुरावा नाही.

दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराचा प्रसिद्ध द्राक्षगंध हाही अशाच कीटकांची देणगी मानला जातो. दार्जिलिंगच्या काही मळ्यांत ऊलाँगही बनतो. तो चांगला असतो, परंतु चव दार्जिलिंगच्याच वळणाची, फळाची आणि किंचित तुरट. चिनी किंवा तैवानी ऊलाँगची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. मात्र सुरुवातीलाच परदेशी चहावर खर्च करायचा नसेल, तर हा पर्याय उत्तम.

पाकीट आणि पाणी

विकत घेताना पाकिटावर चार गोष्टी शोधाव्यात : गाव किंवा पर्वत, झाडाची जात, भाजणी हलकी की गडद, आणि खुडणीचे वर्ष. चारांपैकी एकही नसेल आणि ‘स्लिमिंग’ हा शब्द तेवढा ठळक असेल, तर पाकीट परत मांडणीवर ठेवावे. काही छोट्या प्रयोगांत ऊलाँग घेतल्यावर शरीराचा ऊर्जाव्यय किंचित वाढल्याचे दिसले आहे. त्यावरून पोट कमी होण्याची हमी देणे हा व्यापार झाला. ऊलाँगमध्ये कॅफीन असते, त्यामुळे रात्री उशिरा घेतल्यास झोप उडू शकते. जेवणाबरोबर घेतलेला कोणताही चहा अन्नातील लोहाचे शोषण कमी करतो. रक्तक्षय असलेल्यांनी जेवण आणि चहा यांत अंतर ठेवणे बरे.

पाण्याचा प्रश्न आपल्या शहरात एरवीही जिव्हाळ्याचा आहे, आणि ऊलाँगच्या बाबतीत तो चवीवर येऊन ठेपतो. जायकवाडीचे नळाचे पाणी आणि वसाहतींतील बोअरचे पाणी यांत केलेला एकच चहा दोन चहांसारखा लागतो. बेसॉल्टातून येणारे बोअरचे पाणी जड असते. त्यातील क्षार सुगंध दाबतात, रंग मंद करतात आणि पेल्यावर पातळ तवंग आणतात. दूध-साखरेच्या चहात हे लपते, ऊलाँगमध्ये लपत नाही. उलट क्षार पुरते काढलेल्या आरओच्या पाण्यात चहा पोकळ लागतो. आरओच्या पाण्यात थोडे नळाचे गाळलेले पाणी मिसळून पाहावे. समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटर उंचीवरील आपल्या शहरात पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते. वुयीचा किंवा कोणताही भाजलेला ऊलाँग या उकळत्या पाण्यातच करावा. हिरवट प्रकारांसाठी उकळी शांत होऊ द्यावी.

खास भांडी नसली तरी अडत नाही. झाकणाच्या कपात २०० मिलिलिटर पाण्यास तीन ग्रॅम पाने आणि तीन मिनिटे पुरेत. छोट्या भांड्यात पाच-सहा ग्रॅम पानांवर शंभर मिलिलिटर पाणी ओतून २०-२५ सेकंदांत गाळले, तर त्याच पानांचे सहा-सात पेले निघतात आणि प्रत्येकाची चव बदलत जाते. पाने पातेल्यात उकळू नयेत. दूध घालायचेच असेल तर त्यासाठी सीटीसी आहेच, आणि स्वस्तही आहे.

साठवण हा मराठवाड्यातला खरा पेच आहे. मेमध्ये पारा चाळिशीपार गेलेला असताना ओट्यावरच्या काचेच्या बरणीतला हिरवा तिएग्वानयिन किंवा अलीशान फार काळ टिकणार नाही. असे चहा हवाबंद पाकिटात, मसाल्यांपासून दूर, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावेत आणि पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावे. अन्यथा पानांवर दव धरते. भाजलेल्या चहांची एवढी बडदास्त ठेवावी लागत नाही. वुयीचा चहा घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या फडताळात काही वर्षे सहज राहतो. किंबहुना ताज्या भाजणीचा उग्र धूर निवावा म्हणून तेथील लोक तो काही महिने मुद्दाम तसाच ठेवतात आणि मगच प्यायला काढतात.